काशीचा महापौर आणि दुसरी संधी

वाराणसी म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम उभी राहते ती तीर्थक्षेत्र काशी. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये पुन्हा बांधलेले विश्वनाथाचे मंदिर, शिंदे आणि भोसले यांच्या नावांचे घाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे, यांमुळे ही नगरी आपल्याला परकी वाटत नाही. तथापि यात्रेकरूच्या काशीच्या पोटात दुसरी एक काशी आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे १२ लाख माणसे राहत होती. या माणसांना रोज पाणी लागते. त्यांच्या गल्लीतला कचरा उचलला जावा लागतो आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्याला वाट करून द्यावी लागते. या दुसऱ्या काशीचा कारभार ज्या संस्थेकडे सोपवलेला आहे तिचे नाव वाराणसी नगर निगम आणि तिच्या प्रमुखाचे नाव महापौर.

हा महापौर १९९५ पासून थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो. तेव्हापासून १९९५, २०००, २००६, २०१२, २०१७ आणि २०२३ अशा सहा निवडणुका झाल्या. सहाही वेळा भारतीय जनता पक्षाचाच उमेदवार निवडून आला. परंतु सहाही वेळा व्यक्ती नवी होती. एकही महापौर पाच वर्षांनंतर पुन्हा त्या खुर्चीवर बसला नाही. पक्ष कायम आणि माणूस मात्र प्रत्येक वेळी निराळा, असे हे विलक्षण चित्र आहे. ते कशामुळे निर्माण झाले आणि त्यात शहराचा लाभ किती व हानी किती, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

नगरप्रमुख ते महापौर

भारतातील स्थानिक स्वराज्याचा आरंभ सामान्यतः लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून मानला जातो. बनारसची नागरी व्यवस्था त्याहूनही जुनी आहे. १८२० ते १८३० या दशकात येथे टांकसाळीवर काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने शहराचा नकाशा तयार केला, लोकसंख्येची मोजदाद केली आणि सखल भागातले पाणी गंगेकडे वाहून नेणारा भुयारी नाला बांधण्याच्या कामात पुढाकार घेतला. पुढे नगरपालिका आली. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये उत्तर प्रदेश विधिमंडळाने मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि कानपूर, आग्रा, वाराणसी, अलाहाबाद व लखनौ या पाच नगरांना नगर महापालिकेचा दर्जा मिळाला. या पाच नावांच्या आद्याक्षरांवरून सरकारी दप्तरात त्यांना ‘कवाल’ नगरे म्हटले जाई.

त्या कायद्यानुसार महापालिकेच्या प्रमुखाला ‘नगरप्रमुख’ अशी संज्ञा होती. नागरिक त्याला प्रत्यक्ष निवडून देत नसत. सभागृहाचे सदस्य आपसात मतदान करून त्याची निवड करीत आणि त्याचा कार्यकाळ अवघा एक वर्षाचा असे. जुन्या मुंबईच्या महापौरपदाशी परिचित असलेल्या वाचकाला ही पद्धत नवी वाटणार नाही. वर्षभराच्या मुदतीत कोणतेही मोठे काम हाती घेऊन तडीस नेणे अशक्य होते. हे पद मुख्यत्वे मानाचे होते. शिवाय मधल्या काळात राज्य सरकारे महापालिका बरखास्त करीत आणि वर्षानुवर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राही. अशा काळात नगरप्रमुखच नसे. मग पुन्हा निवडून येण्याचा प्रश्न कोठून उद्भवणार?

ही स्थिती पालटली ती संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने. ही दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने नागरी संस्थांना पाच वर्षांची निश्चित मुदत दिली, निवडणुका घेण्यासाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र निवडणूक आयोग नेमला आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व स्त्रिया यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याची व्यवस्था केली. संस्थेच्या प्रमुखाची निवड कशी व्हावी हे मात्र तिने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोपवले. महाराष्ट्राने नगरसेवकांकडून महापौर निवडण्याची रीत चालू ठेवली आणि त्याचा कार्यकाळ अडीच वर्षांचा केला. उत्तर प्रदेशाने निराळा मार्ग पत्करला. तेथे महापौर हा साऱ्या शहराच्या मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडावा असे ठरले. ‘नगरप्रमुख’ हा शब्द मागे पडला आणि ‘महापौर’ हा शब्द कायद्यात आला.

एका मतदाराची दोन मते

वाराणसीचा मतदार मतदानकेंद्रात दोन मते देतो. एक मत आपल्या प्रभागाच्या प्रतिनिधीसाठी. त्याला तेथे पार्षद म्हणतात. दुसरे मत महापौरासाठी. २०२३ च्या निवडणुकीपूर्वी रामनगरची नगरपालिका आणि भोवतालची अनेक गावे महापालिकेत समाविष्ट करण्यात आली व प्रभागांची संख्या ९० वरून १०० झाली. मतदारांची संख्या सुमारे १६ लाखांवर गेली. विधानसभेच्या कोणत्याही एका मतदारसंघाहून हा आकडा कितीतरी मोठा आहे. म्हणजे केवळ मतदारांच्या संख्येचा विचार केला तर काशीच्या महापौराचा जनादेश आमदारापेक्षा मोठा आणि खासदाराच्या जवळ जाणारा ठरतो.

हा जनादेश मोठा असला तरी तो देण्यासाठी घराबाहेर पडणारे लोक थोडे आहेत. ४ मे २०२३ रोजी झालेल्या मतदानात दर पाच मतदारांपैकी सुमारे दोघांनीच मत दिले. १३ मे रोजी मतमोजणी झाली. भारतीय जनता पक्षाचे अशोक तिवारी यांनी समाजवादी पक्षाचे ओ. पी. सिंह यांचा सुमारे १ लाख ३३ हजार मतांनी पराभव केला. त्याआधी २०१७ मध्ये मृदुला जायसवाल यांनी काँग्रेसच्या शालिनी यादव यांच्यावर सुमारे ७८ हजार मतांनी विजय मिळवला होता. एवढ्या मोठ्या फरकाने जिंकणाऱ्या पक्षाला आपलाच महापौर पुन्हा उभा करण्यात काही धोका होता असे वरकरणी दिसत नाही. तरीही तसे झाले नाही. त्याची कारणे तपासण्यापूर्वी ही नावे एकदा क्रमाने पाहू.

१९९५ मध्ये सरोज सिंह निवडून आल्या. थेट निवडून आलेला शहराचा पहिलाच महापौर म्हणजे एक स्त्री, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्यानंतर २००० मध्ये अमरनाथ यादव, २००६ मध्ये कौशलेंद्र सिंह, २०१२ मध्ये रामगोपाल मोहले, २०१७ मध्ये मृदुला जायसवाल आणि २०२३ मध्ये अशोक तिवारी असा क्रम लागतो. यात दोन वेळा स्त्रिया व चार वेळा पुरुष आले. निरनिराळ्या जातींना प्रतिनिधित्व मिळाले. परंतु ज्याने पाच वर्षे कारभार पाहिला त्यालाच मतदारांनी ‘पुन्हा या’ असे सांगितले, असा प्रसंग एकदाही आला नाही.

आरक्षणाचे चक्र

उत्तर प्रदेशच्या कायद्यात एका व्यक्तीने किती वेळा महापौर व्हावे यावर बंधन नाही. पदासीन महापौर पाहिजे तर दहा वेळा उभा राहू शकतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्या मार्गात पहिला अडसर येतो तो आरक्षणाच्या चक्रानुक्रमाचा.

ही पद्धत थोडक्यात समजून घेऊ. राज्यात २०२३ मध्ये १७ महापालिका होत्या. या १७ महापौरपदांपैकी काही पदे अनुसूचित जातींसाठी, काही इतर मागास वर्गांसाठी राखीव असतात आणि सर्व गटांत मिळून एक तृतीयांश पदे स्त्रियांसाठी असतात. कोणत्या शहराच्या वाट्याला कोणते आरक्षण यावे हे लोकसंख्येचे प्रमाण आणि मागील निवडणुकांतील क्रम पाहून राज्य सरकार ठरवते. आज एका शहराकडे असलेले आरक्षण पुढच्या खेपेला दुसऱ्या शहराकडे जाते. एकाच नगरात कायमचे आरक्षण राहून अन्याय होऊ नये आणि प्रत्येक नगरातील वंचित गटांना केव्हा तरी संधी मिळावी, असा त्यामागचा न्याय्य हेतू आहे.

या चक्राचा परिणाम वाराणसीत २०१७ मध्ये स्पष्ट दिसला. त्या वर्षी येथील महापौरपद इतर मागास वर्गातील स्त्रियांसाठी राखीव झाले. तेव्हा पदावर असलेले रामगोपाल मोहले यांना उभे राहण्याचा मार्गच उरला नाही. त्यांचे काम चांगले की वाईट, हा प्रश्न मतदारांपुढे आलाच नाही. परीक्षार्थी परीक्षेस बसण्यास अपात्र ठरला आणि परीक्षकाने लिहून आणलेले गुण खिशातच राहिले, असा हा प्रकार होय.

याचा अर्थ आरक्षण हे सदोष आहे असा कोणी काढू नये. आरक्षण नसते तर या प्राचीन नगरीच्या महापौरपदी स्त्री केव्हा आली असती हे सांगणे कठीण आहे. मुंबई महापालिकेच्या निवडणुकांचा रिखिल भावनानी यांनी केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जे प्रभाग एकदा स्त्रियांसाठी राखीव होते आणि पुढच्या निवडणुकीत खुले झाले, तेथे स्त्री निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती, असे त्यांना आढळले. म्हणजे राखीव जागेने उघडलेले दार आरक्षण उठल्यावर पूर्णपणे बंद होत नाही. दोष आहे तो आरक्षण दर पाच वर्षांनी हलवण्यात. ज्या स्त्रीला या मार्गाने पद मिळते तिचीही राखीव जागा पुढच्याच खेपेला निघून जाते. कारभार शिकण्यात दोन वर्षे जातात, कामे सुरू होण्यात दोन जातात आणि पाचव्या वर्षी पद कोणत्या गटाकडे जाणार याच्या तर्कांना ऊत येतो.

तमिळनाडूने या अडचणीवर एक उपाय योजलेला आहे. तेथे स्थानिक संस्थांतील आरक्षण लागोपाठ दोन कार्यकाळांपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, एकाच जागी ठेवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे राखीव जागेवरून निवडून आलेल्या व्यक्तीला निदान एकदा तरी आपल्या कामाचा हिशेब घेऊन मतदारांपुढे जाता येते.

आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला म्हणजे निवडणुकाच लांबतात, हाही अनुभव आहे. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या निकालात तीन अटी स्पष्ट केल्या. मागासलेपणाची पाहणी करण्यासाठी स्वतंत्र आयोग हवा, आरक्षणाचे प्रमाण त्या पाहणीवर आधारलेले हवे आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या वर जाऊ नये. याच कसोटीवर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २७ डिसेंबर २०२२ रोजी उत्तर प्रदेश सरकारची आरक्षणाची प्रारूप अधिसूचना रद्द केली. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती रामअवतार सिंह यांच्या अध्यक्षतेखाली पाच सदस्यांचा आयोग नेमला; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२३ अखेरीस निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. मधले काही महिने काशीला महापौर नव्हता. ज्या महाराष्ट्रातून ही कसोटी आली तेथे तर अवस्था अधिक बिकट झाली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत धनाढ्य महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली.

पक्षाचा कौल

आरक्षण हा एकच अडसर असता तर पद खुले होताच पदासीन महापौर पुन्हा उभा राहिलेला दिसला असता. २०२३ मध्ये वाराणसीचे पद खुले होते. खुल्या जागेवर कोणत्याही गटातील स्त्री वा पुरुष उभा राहू शकतो; म्हणजे मृदुला जायसवाल यांना कायद्याची आडकाठी नव्हती. परंतु पक्षाने उमेदवारी अशोक तिवारी यांना दिली. मतदारांचा कौल येण्यापूर्वी पक्षाचा कौल आला होता.

पक्ष असा निर्णय का घेतात, याचे सर्वसाधारण उत्तर सोपे आहे. पाच वर्षांत नागरिकांची जी नाराजी साचते ती पदावरील व्यक्तीच्या नावावर जमा होते. नवा चेहरा आणला की ती नाराजी जुन्या माणसाबरोबर निघून जाते आणि पक्ष मोकळा राहतो. शिवाय उमेदवारीची आशा बाळगणारे कार्यकर्ते अनेक असतात. पद फिरते ठेवले की सर्वांची आशा जिवंत राहते. पक्षाच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. नागरिकाच्या दृष्टीने मात्र त्यात एक गफलत आहे. ज्याच्याकडून जाब घ्यायचा तो समोर नाही आणि जो समोर आहे तो म्हणतो, ‘मी तर आताच आलो.’

हे केवळ वाराणसीचे प्राक्तन आहे असे नाही. पण ते सर्वत्र अटळ आहे असेही नाही. त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली, काही शहरांनी निराळा अनुभव घेतला. लखनौमध्ये शल्यचिकित्सक डॉ. एस. सी. राय १९९५ आणि २००० असे दोनदा निवडून आले. त्यांच्यानंतर आलेले दिनेश शर्मा यांनी २००६ व २०१२ या दोन निवडणुका जिंकल्या आणि २०१७ मध्ये ते राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. अलाहाबादमध्ये अभिलाषा गुप्ता २०१२ मध्ये निवडून आल्या आणि २०१७ मध्ये पुन्हा विजयी झाल्या. २०२३ मध्ये मात्र पक्षाने त्यांच्याऐवजी दुसरा उमेदवार दिला. कानपूरच्या प्रमिला पांडे आणि बरेलीचे उमेश गौतम हे २०१७ मध्ये निवडून आलेले महापौर २०२३ मध्येही जिंकले. तेव्हा पदासीन महापौराने पुन्हा मत मागणे आणि मतदारांनी ते देणे ही गोष्ट उत्तर प्रदेशात अशक्य नाही. आरक्षणाचा क्रम अनुकूल पडला आणि पक्षाने उमेदवारी दिली, म्हणजे ती घडते. या दोन्ही गोष्टी मतदारांच्या हाती नाहीत.

दोरी कोणाच्या हाती

आता आपण प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. समजा, वाराणसीचा महापौर दुसऱ्यांदा उभा राहिला. मतदार त्याला कोणत्या कामाचा जाब विचारतील?

महापालिकेच्या कायद्याने महापौराला सभागृहाचे अध्यक्षस्थान दिले आहे. कार्यकारिणी समितीच्या अध्यक्षपदीही तोच असतो. परंतु अंमलबजावणीचे अधिकार नगर आयुक्ताकडे आहेत. या अधिकाऱ्याला पूर्वी मुख्य नगर अधिकारी म्हणत. त्याची नेमणूक राज्य सरकार करते, बदलीही तेच करते. महापौर ठराव करू शकतो, प्रश्न विचारू शकतो, पत्र लिहू शकतो. कामाची दोरी मात्र ज्याच्या हाती आहे तो महापौराने नेमलेला नसतो आणि त्याला महापौर काढूही शकत नाही.

शिवाय शहराचे अनेक कारभार महापालिकेच्या हातातच नाहीत. शहराची वाढ कोठे व कशी व्हावी हे वाराणसी विकास प्राधिकरण पाहते. जलवाहिन्या आणि मलवाहिन्यांची मोठी कामे राज्याचे जल निगम करते. अलीकडच्या काळात स्मार्ट सिटी योजनेसाठी स्वतंत्र कंपनी निघाली. विश्वनाथ मंदिर आणि गंगा यांच्या दरम्यानच्या परिसराच्या विकासासाठी राज्याने वेगळे मंडळ स्थापन केले आणि त्या प्रकल्पाचे उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले. शहराचा चेहरा पालटणाऱ्या कामाचा प्रमुख कर्ता शहराचा महापौर नव्हता.

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण गंगेच्या सांडपाण्याचे आहे. १४ जून १९८६ रोजी गंगा कृती योजनेचा शुभारंभ वाराणसीच्याच राजेंद्रप्रसाद घाटावर पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाला. सांडपाणी पंपांनी उचलून शुद्धीकरण केंद्रांत न्यावे अशी या योजनेची रचना होती. वीज गेली की पंप बंद पडत आणि मैलापाणी नदीत मिसळे. पुराच्या दिवसांतही तीच गत होई. संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्र शिकवणारे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानामार्फत या दोषांवर सातत्याने बोट ठेवले. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाचे विल्यम ऑस्वाल्ड यांच्या साहाय्याने त्यांनी एक पर्यायी योजना तयार केली. सांडपाणी घाटांच्या कडेने उताराचा फायदा घेऊन शहराबाहेर न्यावे आणि तेथे तलावांच्या मालिकेत, सूर्यप्रकाश व शैवाल यांच्या मदतीने शुद्ध करावे, असा तिचा आशय होता. विजेवरचे अवलंबन त्यात फार कमी होते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाराणसीच्या महापालिकेने ही योजना उचलून धरली. ७४ व्या घटनादुरुस्तीबरोबर संविधानाला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येण्याजोगे १८ विषय दिलेले आहेत. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे त्यांतलेच होत. तेव्हा आपल्या शहराचे सांडपाणी कसे हाताळावे हे ठरवण्याचा अधिकार आपला, असे महापालिकेचे म्हणणे होते. राज्याच्या यंत्रणेला ते मान्य झाले नाही. वाद न्यायालयापर्यंत गेला. त्या विशिष्ट योजनेच्या तांत्रिक गुणदोषांविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. येथे मुद्दा निराळा आहे. नागरिकांनी निवडलेल्या सभागृहाने एका प्राणभूत प्रश्नावर निर्णय घेतला आणि तो निर्णय अमलात आणण्याची शक्ती त्या सभागृहाजवळ नव्हती. ‘सोपवता येण्याजोगे’ हे शब्द कायद्याच्या पुस्तकात होते. सोपवणारा हात मात्र राज्य सरकारचा होता.

अशा स्थितीत महापौर पुन्हा उभा राहिला तरी तो प्रामाणिकपणे म्हणू शकेल, ‘नदी माझ्या हाती नव्हती.’ आणि ज्याच्या हाती ती होती त्या अधिकाऱ्याला तर निवडणुकीस उभे राहावेच लागत नाही.

शिकागोचे हिम आणि न्यूयॉर्कची मर्यादा

अधिकार आणि उत्तरदायित्व यांची सांगड जेथे बसलेली आहे तेथे काय घडते याचे एक उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहरात सापडते. १९७९ च्या जानेवारीत तेथे प्रचंड हिमवर्षाव झाला. रस्ते अडले, गाड्या बंद पडल्या आणि हिम हटवण्याचे काम रेंगाळले. पदासीन महापौर मायकेल बिलँडिक यांना पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीला सामोरे जावयाचे होते. त्यांच्या पाठीशी शहराची बलाढ्य पक्षयंत्रणा होती; तरीही जेन बर्न यांनी त्यांचा पराभव केला आणि त्या शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. हिम हटवणारे खाते महापौराच्या हाताखाली होते हे प्रत्येक मतदाराला ठाऊक होते. म्हणून हिशेब सरळ झाला. पुढे २०२३ मध्ये याच शहरात पदासीन महापौर लोरी लाइटफूट पहिल्याच फेरीत बाद झाल्या.

यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. पदासीन महापौराला पुन्हा उभे राहता यावे असे म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा निवडून द्यावे असे म्हणणे नव्हे. दुसरी संधी ही जितकी महापौराची, तितकीच मतदाराची असते. बिलँडिक उभे होते म्हणूनच शिकागोकरांना त्यांना पाडता आले.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. एकाच माणसाने सत्तेला चिकटून राहू नये म्हणून न्यूयॉर्कच्या नागरिकांनी १९९३ मध्ये सार्वमत घेऊन महापौराला लागोपाठ दोनच कार्यकाळांची मर्यादा घातली. २००८ मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत नगरसभेने ती तीनपर्यंत वाढवली आणि २००९ मध्ये ब्लूमबर्ग तिसऱ्यांदा निवडून आले. नागरिकांनी २०१० मध्ये पुन्हा सार्वमताने दोनची मर्यादा आणली. मर्यादा असावी की नसावी यावर वाद होऊ शकतो. परंतु दोन कार्यकाळांच्या मर्यादेतही मध्यंतरी एकदा कसोटीचा क्षण येतोच. वाराणसीत मर्यादा कागदावर नाही. प्रत्यक्षात मात्र ती एका कार्यकाळाची झालेली आहे आणि कसोटीचा तो क्षण नाहीसा झाला आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत फुशारकी मारावी असे काही नाही. आपल्याकडील महापौर तर नागरिकांपुढे महापौर म्हणून जातच नाही. त्याला नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांनी बदलतात आणि पद कोणत्या गटासाठी हे सोडतीने ठरते. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर परिषदेचा, म्हणजे महापौर आणि त्याचे सहकारी यांच्या हाती कार्यकारी सत्ता देण्याचा, प्रयोग झाला. तो पुढच्याच वर्षी गुंडाळण्यात आला. आयुक्त पुन्हा सर्वाधिकारी झाला. पद्धती दोन, परंतु अनुभव एकच: मुंबईत मतदार महापौर निवडत नाही आणि वाराणसीत तो निवडतो, कारभाराचा जाब विचारण्याची सोय दोन्ही ठिकाणी अपुरीच आहे.

तीन दुवे

कारभारी आणि मतदार यांच्यामधील साखळीला तीन दुवे असतात. पहिला दुवा अधिकाराचा: काम करण्याची शक्ती ज्याला निवडून दिले त्याच्याकडे हवी. दुसरा दुवा काळाचा: काम पुरे होण्याइतकी आणि त्याचा परिणाम दिसण्याइतकी मुदत हवी. तिसरा दुवा पुनर्भेटीचा: मुदत संपल्यावर त्याच माणसाने त्याच मतदारांपुढे उभे राहावयास हवे. १९९४ नंतरच्या कायद्याने काशीच्या महापौराला पाच वर्षे दिली, म्हणजे दुसरा दुवा जोडला. पहिला अर्धवट राहिला आणि तिसरा आरक्षणाच्या वेगवान चक्रात व पक्षांच्या सोयीत तुटला.

हे दुवे जोडणे हे काही अलौकिक काम नव्हे. आरक्षणाचा क्रम दहा वर्षांनी फिरवता येतो. तसे करणारे राज्य याच देशात आहे. बाराव्या अनुसूचीतील विषय पैशांसह आणि कर्मचाऱ्यांसह महापालिकेकडे सोपवता येतात. त्यासाठी संविधान बदलावे लागत नाही, राज्याची इच्छा पुरते. पक्षांना मात्र कायद्याने भाग पाडता येणार नाही. तेथे मतदारांचा आग्रहच उपयोगी पडेल. आणि पाचांपैकी तिघे घरी राहणार असतील तर तो आग्रह दुबळा राहील.

२०२३ मध्ये सुरू झालेला कार्यकाळ २०२८ मध्ये पूर्ण होतो. त्या वेळी पद कोणासाठी राखीव होते, पक्ष कोणाचे नाव पुढे करतात आणि पदासीन महापौर मत मागण्यासाठी उभा राहतो की नाही, यावर या सातव्या निवडणुकीचे स्वरूप ठरेल. निकाल काहीही लागो. गोदौलियाच्या चौकात पावसाळ्यात पाणी साचले की ते उपसण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथील दुकानदाराला त्याहून जवळचा आहे. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ज्या दिवशी त्याला एका माणसाचे नाव निःशंकपणे सांगता येईल, आणि तो माणूस पाच वर्षांनी मत मागण्यासाठी त्याच्याच दुकानाच्या पायरीशी येईल, त्या दिवशी काशीच्या महापौराची निवडणूक खऱ्या अर्थाने निवडणूक होईल.